सी. के. नायडू : सत्तेचाळीस वर्षांचे कागद

क्रिकेटच्या संदर्भग्रंथांत कोट्टारी कनकैया नायडू यांच्या नावापुढे प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीची दोन टोके छापलेली असतात : १९१६-१७ आणि १९६३-६४. पहिल्या हंगामात पहिले महायुद्ध चालू होते. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती आणि भंडारा हा त्या प्रांताच्या नागपूर विभागातला जिल्हा होता. शेवटच्या हंगामात महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तीन वर्षे उलटली होती. मधल्या काळात साम्राज्य गेले, संस्थाने विलीन झाली, प्रांतांच्या सीमा बदलल्या, आणि नागपुरात जन्मलेले नायडू पॅड बांधून मैदानात उतरतच राहिले.

सत्तेचाळीस वर्षे. हे आपल्याला कशावरून कळते? यातला कोणता भाग कागदावर पक्का आहे, कोणता आठवणींवर उभा आहे, आणि कोणता केवळ पुन्हा पुन्हा छापला गेल्यामुळे खरा वाटू लागला आहे?

दीर्घ कारकिर्दीचे आजच्या वाचकाला परिचित उदाहरण फुटबॉलमधले आहे. इटलीचा बचावपटू पाओलो माल्दिनी २० जानेवारी १९८५ रोजी उदिनेच्या मैदानावर बदली खेळाडू म्हणून एसी मिलानकडून पहिल्यांदा खेळला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. ३१ मे २००९ रोजी फ्लॉरेन्समध्ये तो शेवटचा सामना खेळला. एकच क्लब, पंचवीस हंगाम, ९०२ अधिकृत सामने. या कारकिर्दीच्या अभ्यासकाला कागद हुडकावे लागत नाहीत. प्रत्येक सामन्याचा अहवाल आहे, कोण कितव्या मिनिटाला आत आले आणि कोण बाहेर गेले याची नोंद आहे, बहुतेक सामन्यांचे चित्रणही आहे. हंगामाला सरासरी छत्तीस सामने पडतात. नायडूंच्या नावावर प्रथम श्रेणीचे एकूण २०७ सामने आहेत. ते अठ्ठेचाळीस हंगामांत वाटले, तर हंगामाला चारांहून थोडे अधिक येतात. इतक्या विरळ नोंदींत फटी मोठ्या असतात, आणि दंतकथा फटींतच वाढतात.

त्यातही ‘प्रथम श्रेणी’ हा शिक्काच या कारकिर्दीच्या निम्म्याहून अधिक भागावर नंतर बसलेला आहे. इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्सने प्रथम श्रेणीच्या सामन्याची औपचारिक व्याख्या केली ती मे १९४७ मध्ये, आणि ती मागील काळाला लागू होणार नाही असेही त्याच वेळी ठरले. तेव्हा नायडू एक्कावन्न वर्षांचे होते. म्हणजे १९१६चा चौरंगी सामना किंवा १९२६चा एमसीसीविरुद्धचा सामना ज्यांनी खेळला, त्यांच्या हातात या दर्जाचे कोणतेही अधिकृत पत्र नव्हते. तो दर्जा संख्याशास्त्रज्ञांनी जुने धावफलक तपासून दिला. २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके, ४११ बळी हे आकडे अशा उत्तरकालीन संकलनातून आले आहेत. ते त्यामुळे खोटे ठरत नाहीत. पण ते मूळ कागद नव्हेत, मूळ कागदांवरून केलेली बेरीज आहे, एवढे भान ठेवून पुढे जावे लागते.

मूळ कागद तीन प्रकारचे आहेत. पहिले सामन्यांचे धावफलक. दुसरे समकालीन वृत्तपत्रे आणि ‘विस्डेन’चे वार्षिक अंक. तिसरा प्रकार आठवणी आणि चरित्रांचा. यात दोन पुस्तके महत्त्वाची आहेत : वसंत रायजी यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेले चरित्र, आणि १९९५ साली आलेले, नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू यांचे आठवणींचे पुस्तक. दोघांचाही अधिकार मोठा. पण साक्षीदार म्हणून दोघांची जागा कुठे आहे, हे पाहायला हवे. रायजींचा जन्म १९२०चा. नायडूंच्या सर्वांत गाजलेल्या खेळीच्या वेळी ते सहा वर्षांचे होते. त्या खेळीबद्दल त्यांनी लिहिलेले मुख्यतः वृत्तपत्रांवर आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यावर आधारलेले असणार, असे अनुमान करायला हरकत नाही. चंद्राबाईंनी पाहिलेला माणूस घरातला होता. घरातल्या सी.के.ंची शिस्त त्यांच्याइतकी कोणी सांगू शकत नाही, पण १९१६च्या एखाद्या षटकासाठी त्यांना साक्षीला बोलावता येणार नाही.

जन्मतारीख ३१ ऑक्टोबर १८९५, जन्मगाव नागपूर. घराणे तेलुगू, वकिली आणि सार्वजनिक कार्यातले. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे एका वादग्रस्त वयाचा निकाल तिच्याच आधाराने लावायचा आहे.

पहिला सामना मुंबईच्या चौरंगी स्पर्धेतला, हिंदू विरुद्ध युरोपियन, हंगाम १९१६-१७. इथे धावफलक आणि गोष्ट या दोहोंची सीमा स्पष्ट दिसते. प्रचलित वृत्तान्त असा : हिंदूंचे सात गडी ७९ धावांत बाद झाले असताना नायडू नवव्या क्रमांकावर आले, पहिले तीन चेंडू त्यांनी रोखले आणि चौथ्यावर षटकार मारला. यातला सामना, संघ आणि फलंदाजीचा क्रमांक धावफलकाच्या कक्षेत येतात. सातवा गडी किती धावांवर पडला, हे बाद होण्याच्या क्रमाची नोंद असेल तर तपासता येते. पण ‘तीन चेंडू रोखले, चौथा सीमेपार’ हा तपशील छापील धावफलकात कधीच नसतो. तो स्कोअररच्या वहीतून, वार्ताहराच्या मजकुरातून किंवा प्रेक्षकाच्या आठवणीतूनच येऊ शकतो. त्यामुळे मी तो ‘संभाव्य’ या रकान्यात ठेवतो. अशक्य त्यात काही नाही. चेंडू सीमारेषेवरून गेला की सहा धावा, हा नियम एमसीसीने १९१० मध्येच केला होता. त्याआधी सहा धावांसाठी चेंडू मैदानाबाहेर जावा लागे. हा मुलगा दहा वर्षे आधी जन्मला असता, तर त्याच्या पहिल्या फटक्याची नोंद कदाचित वेगळी झाली असती.

१९२३ मध्ये होळकर दरबारने नायडूंना इंदूरला बोलावले आणि लष्करात हुद्दा दिला. ‘कर्नल’ ही उपाधी तिथली. नागपूरचा खेळाडू इंदूरचा झाला तो असा. आणि इंदूरला गेल्यानंतर तीन वर्षांनी ती खेळी आली.

३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर १९२६, बॉम्बे जिमखाना. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली दौऱ्यावर आलेला एमसीसीचा संघ विरुद्ध हिंदू. एमसीसीच्या ३६३ धावा, त्यांत गाय अर्ल यांच्या १३०. अर्ल यांनी आठ षटकार मारले होते. दुसऱ्या दिवशी नायडूंनी १५३ केल्या.

या खेळीबद्दल चार गोष्टी सांगितल्या जातात : धावा, षटकार, चौकार आणि वेळ. धावा १५३ आणि षटकार ११ यांबद्दल सर्वत्र एकमत आहे. चौकारांचा आकडा कुठे १३ तर कुठे १४ असा येतो. वेळ बहुतेक ठिकाणी ११६ मिनिटे आहे, पण गोळाबेरीज करणाऱ्यांनी ती शंभर मिनिटांवरही आणली आहे. बेरजेने काही उलगडते का, ते पाहू. अकरा षटकारांच्या ६६. तेरा चौकार धरले तर आणखी ५२, म्हणजे ११८, आणि पळून काढलेल्या धावा ३५. चौदा धरले तर षटकार-चौकारांच्या १२२ आणि पळून काढलेल्या ३१. दोन्ही हिशेब १५३ वर बरोबर बसतात, तेव्हा अंकगणित निकाल देत नाही. वेळेच्या बाबतीत मात्र मी ११६ला झुकते माप देतो. कारण सोपे आहे. ११६चा कोणी १०० करील, १००चा कोणी ११६ करणार नाही. वेडावाकडा आणि गैरसोयीचा आकडा बहुधा घड्याळाकडे पाहून लिहिलेला असतो.

त्या दिवसाची आणखी एक साक्ष धातूची आहे. एमसीसीने नायडूंना चांदीची बॅट भेट दिली. पाहुण्या संघाने आपल्याच गोलंदाजांना झोडपणाऱ्याला अशी भेट देणे नेहमीचे नव्हते. षटकारांची संख्या किंवा बॉब वायट यांचा चेंडू जिमखान्याच्या छपरावर पडल्याची हकीकत कोणी अतिशयोक्ती म्हणून बाजूला ठेवू पाहील, तर त्याला आधी या बॅटचे स्पष्टीकरण द्यावे लागेल.

याच खेळीला जोडलेले एक विधान मात्र मला तपासल्याशिवाय सोडवत नाही. या १५३ धावांनी भारताला कसोटीचा दर्जा मिळवून दिला, असे वारंवार लिहिले जाते. तारखा काय सांगतात? इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्सच्या बैठका लंडनमध्ये १९२६च्या उन्हाळ्यात झाल्या. तिथेच भारत, न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीज यांच्यासाठी दार उघडले गेले. नायडूंची खेळी डिसेंबरची. म्हणजे दार उघडण्याचे श्रेय तिला देता येत नाही, कारण ते सहा महिने आधीच उघडले होते. पण आत जाण्यासाठी देशभराची एक अधिकृत संस्था हवी होती, आणि ती नव्हती. दौऱ्यातच गिलिगन यांनी दिल्लीत ग्रँट गोवन, अँथनी डिमेलो आणि पतियाळाचे महाराज यांच्याशी बोलताना अशी संस्था काढण्याचा आग्रह धरला. क्रिकेट नियामक मंडळ डिसेंबर १९२८ मध्ये उभे राहिले. गिलिगन यांच्या त्या आग्रहामागे बॉम्बे जिमखान्यावर पाहिलेला खेळ होता, हे अनुमान आहे. मला ते सबळ वाटते. तरी अनुमानच.

यानंतर कागद एकदम दाट होतो. १९३२चा इंग्लंडचा दौरा. इंग्रजांच्या देशात सामन्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा पक्की होती, आणि नायडूंच्या कारकिर्दीतला हा एक उन्हाळा बाकीच्या अनेक वर्षांपेक्षा अधिक उजेडात आहे. दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी १,६१८ धावा केल्या, सरासरी ४०.४५, आणि ६५ बळी घेतले. ११,८२५ पैकी १,६१८ म्हणजे आयुष्यभराच्या धावांचा सुमारे सातवा हिस्सा या एका उन्हाळ्यात आला. छत्तीस वर्षांच्या या माणसाला भारतात खेळायला सामनेच किती कमी मिळत होते, याची ही सर्वांत स्पष्ट साक्ष आहे. १९३३च्या ‘विस्डेन’ने वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत त्यांना निवडले. त्याआधी रणजितसिंहजी, दुलीपसिंहजी आणि पतौडीचे नवाब यांना तो मान मिळाला होता, पण तिघेही इंग्लंडमधले क्रिकेट खेळून. भारताच्या संघातून खेळून तिथवर पोहोचलेले नायडू पहिले.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. धावफलकावर कर्णधार म्हणून नायडूंचे नाव आहे. पोरबंदरचे महाराज दौऱ्याचे कर्णधार होते आणि लिंबडीचे राजकुमार घनश्यामसिंहजी उपकर्णधार. पोरबंदरकरांनी स्वतःची क्रिकेटमधली मर्यादा ओळखून बाजूला होणे पसंत केले, लिंबडी जखमी होते. सामन्याच्या आदल्या रात्री काही खेळाडूंनी नायडूंच्या नेतृत्वाविरुद्ध बंड केले आणि महाराजांना ते शमवावे लागले, असे क्रिकेटच्या इतिहासांत येते. ते मुख्यतः नंतरच्या सांगण्यावर आधारलेले आहे. धावफलकावर त्याची सावलीही पडलेली नाही. तिथे एवढेच आहे : नायडू ४० आणि १०, पहिल्या डावात ४० धावांत दोन बळी, भारत १५८ धावांनी पराभूत. क्षेत्ररक्षण करताना त्यांचा हात दुखावला होता. ते ध्यानात घेतल्यावर ४० या आकड्याचे वजन वाढते. तो त्या डावातला भारताचा सर्वोच्च आकडा होता.

याच दौऱ्यातली एक कथा जवळून पाहण्यासारखी आहे. एजबॅस्टनवर वॉरिकशायरविरुद्ध नायडूंनी १६२ धावा केल्या. त्यातला एक षटकार मैदानाशेजारून वाहणाऱ्या रे नदीपर्यंत गेला, आणि ती नदी वॉरिकशायर आणि वुस्टरशायर यांची सीमा असल्यामुळे हा फटका एका कौंटीतून दुसऱ्या कौंटीत गेला, असे सांगतात. सुंदर गोष्ट आहे. तपासायची असेल तर क्रिकेटचे कागद बाजूला ठेवून बर्मिंगहॅमच्या नगररचनेचे कागद काढावे लागतात. नदीपलीकडचा बॉल्सल हीथ हा भाग १८९१ मध्येच बर्मिंगहॅममध्ये, आणि पर्यायाने वॉरिकशायरमध्ये, समाविष्ट झाला होता. किंग्ज नॉर्टन आणि नॉर्थफील्डचा मोठा पट्टा १९११च्या शहरविस्तारात आला. म्हणजे १९३२ साली त्या ठिकाणी नदीच्या दोन्ही तीरांवर वॉरिकशायरच होते. चेंडू नदीपर्यंत गेला असेल. त्याला विरोध करणारा पुरावा नाही. पण कौंटीची सीमा ओलांडायला त्या दिवशी तिथे सीमाच उरलेली नव्हती.

मग कथा आली कुठून? जुन्या सीमेची आठवण स्थानिक लोकांत वीस-चाळीस वर्षे सहज टिकते. ‘ही नदी म्हणजे वुस्टरशायरची हद्द’ असे म्हणत वाढलेला कोणी प्रेक्षक त्या दिवशी मैदानात असणे अगदी शक्य आहे. त्याच्या तोंडून निघालेले वाक्य वार्ताहराने उचलले असावे. हा माझा तर्क. तो बरोबर असेल, तर कथा चुकीची असूनही एका अर्थाने प्रामाणिक ठरते, कारण तो फटका पाहून माणसांना जुनी हद्द आठवली.

कसोटीचा उरलेला भाग थोडक्यात. १५ डिसेंबर १९३३ रोजी भारतातला पहिला कसोटी सामना सुरू झाला, तो त्याच बॉम्बे जिमखान्यावर. लाला अमरनाथ यांनी ११८ केल्या, नायडूंनी ६७, दोघांची भागीदारी १८६ धावांची. त्या मालिकेतले तिन्ही सामने नायडूंच्या नेतृत्वाखाली झाले. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. १५ ऑगस्टला ओव्हलवर सुरू झालेल्या सामन्याच्या दुसऱ्या डावात नायडूंनी ८१ केल्या. ती त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी आणि शेवटचीही. एकूण सात कसोटी, चौदा डाव, एकदाही नाबाद नाही, ३५० धावा, सरासरी बरोबर २५.

हे शेवटचे वाक्य नायडूंवर सर्वाधिक अन्याय करणारे आहे, आणि त्यातला प्रत्येक आकडा खरा आहे. आज कोणी त्यांचे नाव शोधले, तर सर्वांत आधी हीच ओळ समोर येते. पण ३५० म्हणजे त्यांच्या प्रथम श्रेणीतल्या धावांपैकी शंभरातल्या जेमतेम तीन. कसोटीची सारी कारकीर्द छत्तिसाव्या वर्षानंतर सुरू होऊन चाळिशीत संपली. त्याआधी सोळा हंगाम आणि त्यानंतर वीसहून अधिक हंगाम आहेत. कसोटीचा रकाना हा या कारकिर्दीचा सर्वांत विश्वसनीय आणि सर्वांत अपुरा साक्षीदार आहे.

रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला, तेव्हा नायडू एकोणचाळिशीत होते. आधी मध्य भारताचा संघ, मग १९४१-४२ पासून होळकर. इथून पुढचे धावफलक वाचताना मला खरोखर थरारून जायला होते. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत होळकर संघ आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर, धाकटे बंधू सी. एस. नायडू अशी फळी, आणि कर्णधार सी.के. १९४५-४६च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० केल्या. प्रथम श्रेणीतली ती त्यांची सर्वोच्च धावसंख्या. वयाबद्दल इथे शंका नाही : ३१ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांनी पन्नास पूर्ण केली, आणि हंगामाचा अंतिम सामना त्यानंतरचाच. सर्वोच्च धावसंख्या पन्नाशीनंतर.

याच दशकाच्या सुरुवातीचा एक वेगळ्या प्रकारचा पुरावाही आहे. १९४१ साली बाथगेट लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत नायडू आले. जाहिरात करणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. खेळाडूचे वय किती आणि लोकांच्या मनातली त्याची जागा कोणती, या दोहोंतला फरक जाहिरातीइतका स्पष्ट दुसरा कागद सांगत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या खेळाडूचे नाव औषध खपवायला उपयोगी पडत होते, कारण त्याचे शरीर लोकांना विश्वासार्ह वाटत होते.

१९५१-५२च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकरांचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर लागला, दात पडले, ते त्यांनी बॅटने बाजूला सारले आणि उपचार नाकारून खेळ चालू ठेवला, ही गोष्ट महाराष्ट्रात आणि माळव्यात दोन पिढ्यांनी सांगितली आहे. धावफलकात दातांचा रकाना नसतो. होळकर त्या वर्षी मुंबईकडून अंतिम सामन्यात हरले, एवढे कागदावर पक्के आहे. बाकीचे सांगणाऱ्यांच्या साखळीवर अवलंबून आहे. त्या साखळीत मैदानात हजर असलेले खेळाडू होते आणि मैदानावर नायडूंनी दुखापतीकडे दुर्लक्ष केल्याची याहून जुनी, चांगली नोंदलेली उदाहरणे आहेत. लॉर्ड्सचा हात हे त्यातलेच एक. त्यामुळे गोष्टीचा गाभा मी मान्य करतो. दातांची विल्हेवाट बॅटने लावली की हाताने, याबद्दल आग्रह धरत नाही.

होळकरनंतरही ते थांबले नाहीत. १९५३-५४ मध्ये आंध्रचा संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला तो नायडूंच्या नेतृत्वाखाली. आणि १९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेशकडून खेळले. त्या हंगामात राजस्थानविरुद्ध, विनू मंकड समोर असताना, ८४ धावा.

या हंगामातले त्यांचे वय अनेक ठिकाणी ६२ असे छापलेले आढळते. आता ती जन्मतारीख काढू. ३१ ऑक्टोबर १९५६ला त्यांनी ६१ पूर्ण केली. ६२ पूर्ण व्हायला ३१ ऑक्टोबर १९५७ उजाडावे लागले असते, आणि तोवर हंगाम संपलेला होता. म्हणजे वय ६१च. चूक कशी झाली असेल? आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगण्याची रीत आहे. ‘बासष्टावे चालू आहे’ असे कोणी सांगितले आणि लिहिणाऱ्याने ‘वय ६२’ लिहिले, हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण वाटते. ६१व्या वर्षी मंकडसमोर ८४ करणाऱ्या माणसाला जादा वर्षाची गरज नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे याच हंगामाच्या तोंडावर, राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर, भंडाऱ्यासह विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले. क्रिकेटची कागदपत्रे राजकीय नकाशाच्या मागोमाग चालतात. या भागाचा संघ १९३४-३५ पासून ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ म्हणून खेळत होता, १९५०-५१ पासून ‘मध्य प्रदेश’ म्हणून, आणि ‘विदर्भ’ हे नाव रणजी करंडकाच्या धावफलकावर पहिल्यांदा आले १९५७-५८ मध्ये. नायडूंचा रणजीतला शेवटचा हंगाम १९५६-५७. एका हंगामाची चुकामूक. नागपूरच्या या मुलाने होळकरसाठी, आंध्रसाठी, उत्तर प्रदेशसाठी रणजी खेळली, आणि ज्या नावाच्या संघात आज भंडाऱ्याचा, गोंदियाचा, गडचिरोलीचा मुलगा निवडला जाण्याची आशा धरतो, त्या विदर्भासाठी एकही सामना खेळला नाही. कागदावरून एवढेच दिसते. मात्र विदर्भाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला, तो १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. हा योगायोग आहे, पुरावा नव्हे, पण विदर्भातल्या वाचकापासून तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

उरला १९६३-६४. महाराष्ट्राच्या राज्यपालांचा संघ विरुद्ध मुख्यमंत्र्यांचा संघ, मदतनिधीसाठी खेळवलेला सामना. नायडू राज्यपालांच्या संघात, वय ६८. संदर्भग्रंथांतले कारकिर्दीचे शेवटचे टोक या एका सामन्यावर उभे आहे. तो काढला तर चित्र बदलते : १९१६-१७ ते १९५६-५७, चाळीस वर्षे. ठेवला तर सत्तेचाळीस.

तो काढावा, असे म्हणणाऱ्याची बाजू दुबळी नाही. मदतीच्या सामन्यात स्पर्धेची धार नसते, आणि अडुसष्ट वर्षांच्या माणसाला संघात घेतले ते त्याच्या नावासाठी, हे कोणीही ओळखेल. पण मग हाच निकष १९१६लाही लावावा लागेल. चौरंगी सामन्यांना तेव्हा कोणत्या मंडळाची मान्यता होती? प्रथम श्रेणीचा दर्जा त्यांना नंतर, जुने धावफलक तपासून मिळाला, आणि १९६३-६४च्या सामन्यालाही तो दर्जा मिळालेला आहे. एका टोकाला उदार आणि दुसऱ्या टोकाला कडक होणे अभ्यासकाला शोभत नाही.

म्हणून मी दोन्ही आकडे लिहीन. स्पर्धेतले क्रिकेट चाळीस वर्षे, नोंदलेले प्रथम श्रेणीचे क्रिकेट सत्तेचाळीस. पहिला आकडा चौरंगीपासून रणजीपर्यंतच्या धावफलकांनी सिद्ध होतो. दुसऱ्यासाठी १९६३-६४चा एकच धावफलक पुरतो, आणि त्यावर त्यांचे नाव आहे. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी नायडू इंदूरला वारले, तेव्हा तो सामना होऊन चार वर्षेही झाली नव्हती.